न घडलेल्या अपघाताचा जाब कुणाला विचारायचा?

दोन विमाने हवेत एकमेकांच्या अंगावर आली आणि टक्कर टळली, अशी बातमी अधूनमधून येतेच. मथळा ठरलेला असतो, 'मोठा अनर्थ टळला'. पुढची वाक्येही ठरलेली असतात. प्रवासी सुखरूप आहेत, चौकशीचे आदेश दिले आहेत, संबंधित हवाई वाहतूक नियंत्रकाला ड्यूटीवरून बाजूला केले आहे. दुसऱ्या दिवशी ती बातमी आतल्या पानावर जाते, तिसऱ्या दिवशी दिसत नाही. वाचणाऱ्यांचे मात्र लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बघा, यंत्रणा किती पक्की आहे, शेवटी वाचवलेच ना! दुसरा म्हणतो, त्या नियंत्रकाला आधी घरी बसवा. मला हे दोन्ही तट एकाच चुकीच्या जागी उभे दिसतात. दोघांचेही डोळे शेवटच्या अर्ध्या मिनिटावर खिळलेले आहेत. विमानांना त्या अर्ध्या मिनिटापर्यंत आणून सोडणाऱ्या मागच्या वर्षांकडे दोघांपैकी कुणीच बघत नाही.

आधी अंतराचा हिशेब करू. मार्गावर असलेल्या आणि रडारवर दिसणाऱ्या दोन विमानांमध्ये आडवे पाच सागरी मैल किंवा उभे हजार फूट, यांपैकी एक अंतर तरी कायम हवे, असा सर्वसाधारण नियम आहे. विमानतळाजवळ आडवे अंतर तीन मैलांपर्यंत खाली येते. पाच सागरी मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. ऐकायला ऐसपैस वाटते. पण समोरासमोर येणारी दोन जेट विमाने प्रत्येकी ४५० नॉट, म्हणजे ताशी ४५० सागरी मैल, वेगाने उडत असतील, तर त्यांच्यातले अंतर दर मिनिटाला पंधरा मैलांनी घटते. म्हणजे ते पाच मैल वीस सेकंदांत संपतात. तेवढ्यात नियंत्रकाने धोका ओळखायचा, काय करायचे ते ठरवायचे, बोलायचे. वैमानिकाने ते ऐकायचे, परत म्हणून दाखवायचे आणि शेकडो टनांचे धूड वळवायचे.

म्हणून नियंत्रकाचे खरे काम त्या वीस सेकंदांत नसतेच. ते त्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत असते. दोन ठिपके शंभर मैल दूर असताना एकाला सहा अंश बाजूला वळवले, की आमनेसामने येईपर्यंत पाच मैलांची फट आपोआप तयार होते. वैमानिकाला त्यात विशेष काही वाटत नाही, प्रवाशाला तर पत्ताही लागत नाही. चांगल्या कामाचा परिणाम 'काहीच झाले नाही' असा असतो, आणि काहीच न झाल्याबद्दल कुणाचा सत्कार झालेला मी पाहिलेला नाही.

नियंत्रक आपसात बोलताना 'पिक्चर' म्हणतात. पडद्यावर दिसते ते रडारचे चित्र. पिक्चर म्हणजे त्या माणसाच्या डोक्यातले: कोण चढतोय, कोण उतरतोय, कुणाला कुठली उंची दिली आहे, कोण अजून आपल्या फ्रिक्वेन्सीवर आलेला नाही, पाच मिनिटांनी कोण कुठे असेल. हे डोक्यातले चित्र तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पाळी बदलताना नवा माणूस आधी मागे उभा राहून थोडा वेळ नुसता ऐकतो आणि मग खुर्ची घेतो. खुर्ची घेतल्यानंतरची पहिली काही मिनिटे जपण्याची असतात. जपण्याची दुसरी वेळ म्हणजे शांत रात्र, जेव्हा वाहतूक तुरळक असते, दोन-तीन पोझिशन, म्हणजे कामाच्या वेगवेगळ्या जागा, एकत्र करून एकाच माणसाकडे दिलेल्या असतात आणि बाकीचे विश्रांतीला गेलेले असतात. तिसरी अडचण कानाची. वैमानिक सूचना परत म्हणून दाखवतो तेव्हा तो काय म्हणाला यापेक्षा आपण काय अपेक्षिले होते तेच ऐकू येते. त्यात एकाच कंपनीची, सारख्या आकड्यांची दोन विमाने एका सेक्टरमध्ये, म्हणजे एका नियंत्रकाकडे असलेल्या आकाशाच्या तुकड्यात, असली की चूक दाराशीच उभी असते.

३१ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये ती आत आली. जपान एअरलाइन्सची दोन विमाने, फ्लाइट ९०७ आणि फ्लाइट ९५८, सुरुगा उपसागराजवळच्या आकाशात एकमेकांच्या वाटेवर होती. रडारसमोर प्रशिक्षणार्थी नियंत्रक होता आणि त्याच्यासोबत पर्यवेक्षक. प्रशिक्षणार्थीला ९५८ ला खाली आणायचे होते, तोंडातून गेले ९०७. त्याच वेळी विमानांमधली टक्करविरोधी यंत्रणा, टीकॅस, जागी झाली. तिने ९०७ ला 'चढा' सांगितले आणि ९५८ ला 'उतरा'. ९०७ च्या कॅप्टनने यंत्राऐवजी माणसाचे ऐकले आणि विमान खाली आणले. ९५८ यंत्राचे ऐकून उतरतच होते. म्हणजे दोघेही खाली. चूक लक्षात आल्यावर पर्यवेक्षकाने घाईघाईत ज्या विमानाला हाक मारली, त्या ९५७ नावाचे विमान तिथे नव्हतेच. शेवटी ९०७ च्या वैमानिकाने समोरचे विमान डोळ्यांनी पाहिले आणि अंगावरचे संकट चुकवण्यासाठी नाक झपकन खाली दाबले. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसे होती. सुमारे शंभर जण जखमी झाले, पण टक्कर झाली नाही.

आता पुढे काय झाले ते बघा. दोन्ही नियंत्रकांवर फौजदारी खटला भरला गेला. २००६ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि २०१० मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. शिक्षा निलंबित होती, पण दोषाचा शिक्का बसला. यंत्र एक सांगते आणि नियंत्रक दुसरे, तेव्हा वैमानिकाने कुणाचे ऐकायचे? या घटनेने जगापुढे टाकलेला मुख्य प्रश्न तो होता. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचे निःसंदिग्ध उत्तर नव्हते. ते देण्याचे काम त्या दोघांचे नव्हते. ज्यांचे होते त्यांच्याकडे सतरा महिने होते.

सतरा महिन्यांनी, १ जुलै २००२ च्या रात्री, दक्षिण जर्मनीत उबरलिंगनच्या आकाशात तोच प्रश्न पुन्हा आला. एकीकडे रशियाचे बाशकिरियन एअरलाइन्सचे तुपोलेव्ह, बहुतांश शाळकरी मुले घेऊन निघालेले. दुसरीकडे डीएचएलचे मालवाहू बोइंग ७५७. टीकॅसने तुपोलेव्हला 'चढा' सांगितले, झुरिचच्या नियंत्रकाने 'उतरा'. तुपोलेव्हने माणसाचे ऐकले, बोइंगने यंत्राचे. दोघेही खाली. या वेळी शेवटच्या क्षणी चुकवणे जमले नाही आणि ७१ जण गेले. टीकॅसचा आदेश आला की नियंत्रकाच्या सूचनेआधी तोच पाळायचा, हे आंतरराष्ट्रीय नियमांत नि:संदिग्धपणे लिहिले गेले ते नोव्हेंबर २००३ मध्ये.

त्या रात्री झुरिचच्या कक्षात जे चालले होते ते वाचताना राग कुणाचा करायचा तेच कळेनासे होते. ड्यूटीवर दोघे होते. एक विश्रांतीला गेला होता, कारण रात्री एकानेच काम बघायचे ही पद्धत तिथे रुळलेली होती आणि व्यवस्थापनाने ती वर्षानुवर्षे चालू दिली होती. उरलेला नियंत्रक दोन वेगवेगळ्या पडद्यांवर काम करत होता. त्यातल्या एकावर उशिरा आलेले विमान फ्रीडरिशहाफेनला उतरवायचे होते. देखभालीचे काम सुरू असल्याने टक्करीचा आगाऊ इशारा पडद्यावर दाखवणारी सोय बंद होती. मुख्य टेलिफोन बंद होता, पर्यायी लाइन नादुरुस्त. शेजारच्या कार्ल्सरूहच्या नियंत्रकांना धोका दिसला, त्यांनी पुन्हा पुन्हा फोन लावला, तो लागला नाही. या सगळ्याच्या मधोमध बसलेल्या एका माणसाच्या तोंडून एक सूचना उशिरा गेली.

फेब्रुवारी २००४ मध्ये, त्या अपघातात पत्नी आणि दोन मुले गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाला त्याच्या घराच्या दारात भोसकून मारले. अंतिम चौकशी अहवाल त्यानंतर तीन महिन्यांनी आला. स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने मात्र २००७ मध्ये एक वेगळी गोष्ट केली, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही: त्याने नियंत्रण कंपनीच्या चार व्यवस्थापकांना निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूंबद्दल दोषी धरले. तिघांना निलंबित कैद झाली, एकाला दंड. शिक्षा सौम्य वाटेल, पण रात्री एकच माणूस बसवायचा हा निर्णय ज्यांच्या टेबलावरून जात होता, त्यांच्यापर्यंत न्यायालय पोहोचले. जपानच्या खटल्यापेक्षा मला हे जास्त न्याय्य वाटते. १९७६ मध्ये झाग्रेबच्या आकाशात दोन विमाने धडकून १७६ जण मेले, तेव्हा तर एका नियंत्रकाला सात वर्षांची कैद सुनावली गेली होती. तो कक्ष माणसांच्या आणि साधनांच्या तुटवड्यावर चालत होता. पुढे सहकाऱ्यांच्या मोहिमेनंतर तो नियंत्रक मुदतीआधी सुटला.

माझे म्हणणे एवढेच: जो आपली किंवा डोळ्यांदेखत झालेली चूक येऊन सांगतो त्याला अभय द्यावे, आणि ज्याच्याकडे ते सांगणे पोहोचले त्याने पुढे काय केले याचा जाब घ्यावा. बहुतेक देशांत पहिल्या अर्ध्यावर बरीच प्रगती झाली आहे. दुसरा अर्धा अजून सद्भावनेवर सोडलेला आहे.

पहिला अर्धा कसा आला तीही गोष्ट मोठी आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचे फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळले आणि ९२ जण मेले. 'अप्रोचची', म्हणजे उतरण्यासाठी विमानतळाकडे येण्याची, 'परवानगी' या सूचनेचा वैमानिकाने लावलेला अर्थ एक होता आणि नियंत्रकाचा दुसरा. चौकशीत कळले, की सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचे एक विमान त्याच डोंगरावरून याच गैरसमजामुळे जेमतेम वाचले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले होते. ती माहिती टीडब्ल्यूएच्या कॉकपिटपर्यंत जाण्याची वाटच नव्हती. यातून १९७६ मध्ये अमेरिकेत गोपनीय अहवालांची व्यवस्था सुरू झाली आणि ती मुद्दाम नासाकडे दिली गेली, कारण परवाना रद्द करण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे त्याला कोण कशाला काही सांगेल? अनवधानाने झालेली चूक दहा दिवसांच्या आत कळवली, तर दंड माफ होतो. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ सगळे तिथे लिहितात. अहवालातली नावे पुसून टाकली जातात. ही उत्तम व्यवस्था आहे, आणि तिच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी तिचे अपवादही वाचावेत: गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात यांना तिथे माफी नाही. दारू पिऊन ड्यूटीवर आलेला, नियम जाणूनबुजून मोडणारा तिथे सुटत नाही.

पण सांगितलेले ऐकले गेले का? २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ, पोटोमॅक नदीवर, उतरणारे प्रवासी जेट आणि लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर धडकले. ६७ जण मेले. चौकशी मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, काही आठवड्यांतच जुनी माहिती चाळून आकडे बाहेर काढले. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळावर ९,४४,१७९ उड्डाणे-अवतरणे झाली. त्यांत विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यात आडवे एक सागरी मैल आणि उभे ४०० फूट यांपेक्षा कमी अंतर राहिल्याच्या घटना १५,२१४. आडवे १,५०० फूट आणि उभे २०० फूट यांपेक्षाही कमी अंतराच्या ८५. हेलिकॉप्टरच्या मार्गाला घालून दिलेली कमाल उंची २०० फूट होती. ती काटेकोर पाळली तरी, धावपट्टी ३३ वर उतरणारे विमान आणि नदीच्या पूर्वकाठावरून जाणारे हेलिकॉप्टर यांच्यात जेमतेम ७५ फूट उरू शकत होते. तेवीस मीटर.

हे आकडे कुणी लपवले नव्हते, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब तीच आहे. लपवाछपवी असती तर खलनायक तरी सापडला असता. वैमानिकांनी सांगितले होते, टीकॅसने नोंदवले होते, सगळे संगणकात पडून होते. पन्नास वर्षांपूर्वी माहिती पुढे जाण्याची वाट नव्हती. इथे वाट होती, माहिती पोहोचलीही होती. फक्त एवढ्या नोंदी झाल्यावर कुणीतरी मार्ग बंद केलाच पाहिजे, असे बंधन नव्हते. अपघातानंतर दीड महिन्यात हेलिकॉप्टर मार्गाचा तो तुकडा कायमचा बंद झाला.

त्या रात्री टॉवरमध्ये हेलिकॉप्टरची आणि विमानांची पोझिशन एकत्र करून एकाच नियंत्रकाकडे दिलेली होती. 'विमान दिसतेय का?' असे त्याने विचारले, 'दिसतेय' असे उत्तर आले आणि अंतर राखण्याची जबाबदारी हेलिकॉप्टरकडे गेली. याला दृश्य विलगीकरण म्हणतात. नियमात बसते, रोज चालते. पण रात्री, शहराच्या दिव्यांच्या पार्श्वभूमीवर, समोरच्याला दिसलेला दिवा तोच आहे का, हे टॉवरला कळायचा मार्ग नसतो. भार हलका करण्याची ही सोय आहे. माणसे पुरेशी असती तर तिची गरज किती उरली असती, हा प्रश्न त्या एका नियंत्रकाला विचारून उपयोग नाही.

कुणी म्हणेल, माणूस चुकतोच, मग यंत्रावर सोपवा. अधिक यंत्रे हवीत यात वाद नाही. १९९६ मध्ये चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मेल्यावर भारतात टीकॅस सक्तीचे झाले, आणि ते आधीच व्हायला हवे होते. पण यंत्राच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. जमिनीपासून हजारेक फुटांच्या खाली टीकॅस 'चढा-उतरा' सांगत नाही, कारण तिथे 'उतरा' म्हणणेच घातक. पोटोमॅकवरची टक्कर तीनशे फुटांच्या आसपास झाली. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान धावपट्टीवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. प्रवासी विमानातले ३७९ जण बाहेर पडू शकले, तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जण गेले. धावपट्टी रिकामी नसल्याचा इशारा नियंत्रकाच्या पडद्यावर उमटला होता, त्याच्या ध्यानात आला नाही. नंतर तो पडदा बघण्यासाठी वेगळा माणूस नेमावा लागला. यंत्र वाढले की ते पाहणारा, त्यावर विश्वास किती ठेवायचा हे ठरवणारा माणूसही लागतो.

टळलेल्या अपघातांची आणखी एक उपेक्षा होते ती पुराव्याची. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत एअर कॅनडाचे विमान धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सी-वेवर, म्हणजे विमानांच्या जमिनीवरून ये-जा करण्याच्या रस्त्यावर, उतरायला निघाले. खाली चार विमाने रांगेत उभी होती, माणसे हजाराहून अधिक. वैमानिकाने दिवे बघून शंका विचारली, टॉवरने धावपट्टी मोकळी असल्याचे सांगितले, आणि ते खरेच होते. विमानच धावपट्टीवर नव्हते. टॉवरमध्ये त्या वेळी सगळ्या पोझिशन एकाकडे होत्या. उभ्या विमानांपैकी एकातून रेडिओवर आवाज आला आणि विमान साठेक फुटांवरून वर उचलले गेले. नागरी विमान वाहतुकीतला आजवरचा सर्वांत मोठा अपघात काही सेकंदांनी हुकला. आणि कॉकपिटमधले संभाषण? ते मिळालेच नाही. ध्वनिमुद्रक दोन तासांचा होता, विमान पुढच्या उड्डाणाला गेले आणि त्यावर नवे ध्वनिमुद्रण झाले. एक जरी माणूस दगावला असता, तर ते विमान जागचे हलू दिले नसते.

ऐकणाऱ्याला बांधून घालणे अशक्य नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार धोक्याची नोंद आली की संस्थेला त्याचे विश्लेषण करावे लागते आणि साधारण तीन महिन्यांच्या आत निष्कर्ष नियामकाला कळवावे लागतात. अमेरिकेत एनटीएसबीने शिफारस केली की परिवहन खात्याला नव्वद दिवसांत उत्तर द्यावे लागते; उत्तर समाधानकारक नसेल तर मंडळ तसे जाहीर नोंदवते. पण ही शिफारस बहुधा अपघातानंतर येते. हीच सक्ती टळलेल्या अपघातांच्या वाढत्या नोंदींना का लागू नये? एखाद्या ठिकाणी एकाच प्रकारच्या घटना ठरावीक संख्येपलीकडे गेल्या, तर जबाबदार अधिकाऱ्याने नावानिशी लेखी सांगावे: मार्ग बदलतो आहे, किंवा बदलत नाही आणि का बदलत नाही. इथे एक सावधगिरी हवी. नोंदींची संख्या वाढली म्हणून कुणाला झोडपायचे नाही, कारण जिथे सांगायची भीती नसते तिथे नोंदी जास्तच येतात. जाब घ्यायचा तो नोंद आल्यावर काहीच न करण्याचा.

खरी अडचण पैशाची आणि आपल्या अधीरतेची आहे. नियंत्रक एका भरतीत तयार होत नाही. प्रशिक्षणाला वर्षे लागतात आणि एका सेक्टरचा परवाना दुसऱ्या सेक्टरला चालत नाही. अमेरिकेत १९८१ च्या संपात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून अधिक नियंत्रक एका फटक्यात काढून टाकले. मग एकदम भरती झाली, आणि निवृत्तीचे वय ५६ असल्याने ती पिढी जवळपास एकदमच निवृत्त झाली. आज तिथे सुमारे तीन हजार नियंत्रक कमी असल्याचे सरकारच सांगते. सहा दिवसांचा आठवडा आणि दहा तासांची पाळी कित्येकांच्या वाट्याला येते. अशा वेळी सुरक्षित मार्ग एकच असतो, तो म्हणजे विमाने कमी सोडणे. आणि त्याचाच प्रवाशांना सर्वाधिक राग येतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प असताना, पगाराविना राबणाऱ्या नियंत्रकांचा थकवा लक्षात घेऊन अमेरिकेने चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे कमी करण्याचा आदेश काढला. त्यासाठी वैमानिकांनी स्वेच्छेने पाठवलेल्या अहवालांचाही हवाला देण्यात आला. हा राजकीय डावपेच आहे अशी टीका झाली, आणि हेतूंबद्दल वाद घालायला जागा आहेही. तरी खुर्चीवर बसलेल्या माणसांच्या संख्येला आकाशातल्या विमानांची संख्या जुळवणे, एवढी साधी गोष्ट त्यात होती. एरवी, सरकार नीट चालू असताना, पोझिशन एकत्र करून एकाच माणसावर रात्र काढली जाते तेव्हा ही जुळवणी का होत नाही, हे हवाई वाहतूक चालवणाऱ्या प्रत्येक खात्याला विचारायला हवे. आणि उत्तरादाखल आपले विमान तासभर उशिरा सुटले तर ते चालवूनही घ्यायला हवे.